शाळा सोडण्याचें कारण

मार्च महिन्यांत दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत कोणत्याहि केंद्राच्या फाटकाशीं घटकाभर उभें राहिलें, तर शेंकडों पोरासोरांच्या घोळक्यांत एखादी व्यक्ति अशी दृष्टीस पडते कीं, तिच्याकडे पाहून पाहणाराच्या ओठांवर नकळत हसूं उमटतें. ती व्यक्ति पन्नाशीच्या आसपासची असते. केंस पिकूं लागलेले, हातांत इतरांसारखेंच लिहिण्याचें पॅड, छातीशीं धरलेलें हॉल-तिकीट, आणि तिला पोंचवावयास आलेला मनुष्य तिचा बाप नसून मुलगा असतो. तें हसूं दुष्टपणाचें नसतें; उलट त्यांत थोडें कौतुकच असतें. परंतु त्या कौतुकाच्या पाठीमागें एक प्रश्न दडलेला असतो, आणि आपल्या सुशिक्षित घरांतून तो पुष्कळदां उघडपणेंहि विचारला जातो. तो प्रश्न म्हणजे, "आतां कशाला?" या दोन शब्दांचा थोडा विचार करावा, एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या प्रश्नाचा सोपा भाग बाजूला काढूं. ज्यांना त्या प्रमाणपत्राची पोटासाठीं गरज आहे, त्यांच्याविषयीं वाद संभवत नाहीं. दिवसभर दुकानांत किंवा कारखान्यांत राबून रात्रशाळेंत जाणारा तरुण, बढतीच्या अर्जांतील "किमान दहावी उत्तीर्ण" हे शब्द वाचून जागच्या जागीं थबकणारा शिपाई, नवऱ्यामागें मुलांना वाढवितांना नोकरी शोधणारी बाई, यांना "आतां कशाला?" असें विचारण्याचा धीर कोणी करणार नाहीं. दाराला कुलूप आपणच लावावें आणि किल्ली शोधणाराला "कशाला शोधतोस?" म्हणून विचारावें, हें शोभत नाहीं. खरा कठीण प्रश्न उद्भवतो तो ज्याला नोकरी नको, बढती नको, ज्याचा संसार यथास्थित पार पडला आहे, अशा माणसाच्या बाबतींत. त्यानें उतारवयाच्या उंबरठ्यावर सोळा वर्षांच्या मुलांबरोबर बांकावर कां बसावें? त्यांत शहाणपण आहे, कीं नुसता हट्ट आहे?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. तो आम्हीं स्वतः विचारला आहे, आणि तोहि आमच्या थोरल्या बहिणीला.

आमची आक्का १९८१ सालीं सातवी उत्तीर्ण झाली. तेव्हां तिचें वय तेरा वर्षांचें होतें. आमच्या कोंकणांतल्या लहानशा गांवीं शाळा सातवीपर्यंतच होती. पुढील शिक्षणासाठीं तालुक्याच्या गांवीं राहणें भाग होतें. त्याच वर्षीं आम्ही चौथी उत्तीर्ण झालों होतों. आई आजारी, गोठ्यांत दोन गुरें, आणि वडिलांचें उत्पन्न एका मुलाला बाहेर ठेवण्यापुरतें. या हिशेबाचें उत्तर काय आलें असेल, तें वाचकांस सांगावयास नको. आम्ही मामांच्या बिऱ्हाडीं राहून तालुक्याच्या शाळेंत शिकूं लागलों, आणि आक्का घरीं राहिली. पुढें तिचें लग्न झालें, मुलें झालीं, तीं शिकलीं, घरांत सून आली, नातवंड आलें. वर्तमानपत्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचीत असे. वाचनालयाच्या कादंबऱ्या वाचून तिला कंटाळा येत नसे. अशा बाईनें २०१८ सालीं एके दिवशीं आम्हांस सांगितलें कीं, तिला दहावीला बसावयाचें आहे. आम्हीं हंसून म्हटलें, "आक्का, आतां कशाला?"

तिनें रागावून उत्तर दिलें नाहीं. ती म्हणाली, "तुझी शाळा संपली. माझी सुटली. दोन्हींत फरक आहे."

या उत्तराचा अर्थ आम्हांस त्या वेळीं कळला नाहीं. तो पुढें अर्ज भरतांना कळला. बाहेरून दहावीस बसणारांना जो अर्ज करावा लागतो, त्याला लोक "सतरा नंबरचा फॉर्म" म्हणतात. त्याच्याबरोबर शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्यावा लागतो. आक्कानें तो सदतीस वर्षें ट्रंकेंत, लग्नाच्या शालूच्या घडींत जपून ठेवला होता. आम्हीं तो प्रथमच हातांत घेऊन वाचला. नांव, जन्मतारीख, प्रगति "चांगली", वर्तणूक "चांगली", आणि त्याखालीं एक रकाना, "शाळा सोडण्याचें कारण". त्यापुढें हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें, "वडिलांच्या अर्जावरून." आमच्या घराचा सगळा हिशेब त्या दोन शब्दांत होता, फक्त आमचें नांव तेवढें त्यांत नव्हतें.

"आतां कशाला?" या प्रश्नाच्या बाजूनें जे युक्तिवाद केले जातात, त्यांचा विचार त्या दाखल्याच्या उजेडांत करूं.

पहिला युक्तिवाद असा कीं, महत्त्व ज्ञानाला आहे, कागदाला नाहीं. आक्का बहुश्रुत आहे. मग एका शिक्क्यानें तिच्यांत काय भर पडणार? या प्रसंगीं हटकून बहिणाबाई चौधरींचें उदाहरण दिलें जातें. १८८० सालीं खानदेशांत जन्मलेली ही शेतकरी बाई अक्षरशत्रु होती. जात्यावर आणि शेतांत तिनें रचलेल्या ओव्या तिच्या मुलानें व आप्तानें टिपून घेतल्या, आणि तिच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, त्या पुस्तकरूपानें निघतांच सारा महाराष्ट्र थक्क झाला. हें सर्व खरें आहे. परंतु एक गोष्ट आम्हीं अनेकदां पाहिली आहे ती अशी कीं, बहिणाबाईंचें हें उदाहरण देणाराच्या स्वतःच्या बैठकींत त्याच्या मुलाची पदवी चौकटींत लावलेली असते. कागदाला कांहीं किंमत नाहीं, असें जर त्याचें खरोखर मत असेल, तर त्यानें आपल्या मुलाला पंधराव्या वर्षीं शाळेंतून काढून दाखवावें. तो तसें करीत नाहीं, आणि त्यानें करूंहि नये. मग जें तत्त्व आपल्या मुलाच्या बाबतींत आपण एक दिवसहि पाळीत नाहीं, तें दुसऱ्याच्या वंचनेवर सांत्वन म्हणून कां वापरावें? बहिणाबाईंची प्रतिभा ही निरक्षरतेची देणगी नव्हती. निरक्षरतेला न जुमानतां ती फुलली. तिचें उदाहरण देऊन इतरांची अडचण गोड करून दाखविणें, हा तिच्या प्रतिभेचाहि गैरवापर आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक जोरकस आहे, आणि तो परदेशांत शास्त्रीय पद्धतीनें मांडला गेला आहे. अमेरिकेंत १९४२ सालीं, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, शाळा अर्धवट टाकून सैन्यांत गेलेल्या तरुणांसाठीं एक परीक्षा तयार करण्यांत आली. 'जी. ई. डी.' या आद्याक्षरांनीं ती ओळखली जाते. ती उत्तीर्ण होणारास शाळेंत पुन्हां न बसतां तिच्या समकक्ष असें प्रमाणपत्र मिळे. १९४७ सालीं न्यूयॉर्क राज्यानें ही सोय सैनिकांखेरीज इतर नागरिकांसहि खुली केली, आणि पुढें ती त्या देशभर पसरली. परंतु कॅमेरॉन व हेकमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं असें दाखवून दिलें कीं, पगार व रोजगार यांच्या दृष्टीनें पाहिलें असतां हे समकक्ष म्हणविणारे लोक शाळा पुरी केलेल्यांच्या बरोबरीचे नसून शाळा सोडलेल्यांच्याच रांगेंत बसतात. हेकमन यांनीं पुढें त्याचें कारणहि सांगितलें. परीक्षा ही बुद्धि मोजते. परंतु रोज वेळेवर हजर राहणें, कंटाळवाणें काम नेटानें शेवटास नेणें, हे जे गुण शाळेचीं वर्षें पुरीं करण्यांत दिसून येतात, ते परीक्षेच्या तीन तासांत मोजले जात नाहींत. हेकमन यांना २००० सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें आहे. त्यांचें म्हणणें झिडकारून टाकण्याजोगें नाहीं.

तथापि तें लागू कोठें पडतें, हें पाहिलें पाहिजे. चिकाटी नसल्यामुळें ज्यानें शाळा सोडली, त्याच्याविषयीं तें बोलत असेल. परंतु ज्या मुलीची चिकाटी घरानेंच दुसऱ्या कामाला जुंपली, तिच्याविषयीं तें काय सांगणार? तेराव्या वर्षापासून पहाटे चारला उठून पाणी भरणारी, आजारी आईची शुश्रूषा करणारी मुलगी नियमितपणांत नापास झाली, असें कोणी म्हणूं शकेल काय? शाळेंत जे गुण कमवावयाचे, ते तिनें शाळेबाहेर दामदुपटीनें कमावले होते. तिच्याजवळ नव्हतें तें फक्त बीजगणित. आणि दुसरें असें कीं, बाजार एखाद्या प्रमाणपत्राची किंमत कमी लावतो, एवढ्यावरून तें मिळविण्याची नैतिक किंमत कमी ठरत नाहीं. सोळा वर्षांच्या मुलाला अभ्यासाचा वेळ इतर कोणी तरी दिलेला असतो. त्याचें जेवण कोणी शिजविलेलें असतें, कपडे कोणी धुतलेले असतात. पन्नाशीच्या परीक्षार्थीला तोच वेळ इतरांचें जेवण शिजवून उरलेल्या घटकांतून गोळा करावा लागतो. हीं दोन प्रमाणपत्रें समकक्ष नाहींत, असें म्हणणारे बरोबरच म्हणतात. मात्र कोणाचें पारडें जड, एवढ्याविषयींच आमचा मतभेद आहे.

आपल्याकडील थोर माणसांनीं या गोष्टीचें मर्म पूर्वींच ओळखलें होतें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींसाठीं १८४८ सालीं शाळा काढली हें सर्वश्रुत आहे. परंतु शेतकरी व मजूर अशा वयानें वाढलेल्या लोकांसाठीं त्यांनीं १८५५ च्या सुमारास रात्रीची शाळा काढली, याची आठवण त्या मानानें कमी होते. १९०९ सालीं पुण्यास रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं उभारलेल्या सेवासदनांत संसारांत पडलेल्या स्त्रियांसाठीं वर्ग चालत. "आतां कशाला?" असें त्यांनीं विचारलें असतें, तर यांतलें कांहींच उभें राहिलें नसतें.

परंतु या बाबतींत आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें तें एका दांपत्याचें उदाहरण. रोह्या-महाडकडील नाते या गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर आणि पुढें देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांनीं १९५३ सालीं ज्यांच्याशीं विवाह केला, त्या आंध्रांतील दुर्गाबाई. त्यांचें पहिलें लग्न आठव्या वर्षीं झालें होतें. मोठें झाल्यावर त्या त्या बंधनांतून बाहेर पडल्या. सत्याग्रहांत भाग घेऊन त्या तुरुंगांत गेल्या, आणि सुटून आल्यावर बनारस हिंदु विश्वविद्यालयाची मॅट्रिकची परीक्षा त्यांनीं बाहेरून दिली. मग पदवी आणि मग वकिलीची परीक्षा. एकाच घरांतील या दोन मॅट्रिक. एक वेळेवर आणि पहिल्या क्रमांकाची, दुसरी उशिराची आणि तुरुंगानंतरची. कोणती श्रेष्ठ, हा वाद पोरकट होईल. परंतु दुर्गाबाईंनीं आपल्या परीक्षेवर थांबून समाधान मानलें नाहीं, ही गोष्ट मात्र लक्षांत घेण्यासारखी आहे. १९३७ सालीं मद्रासेंत त्यांनीं उभी केलेली आंध्र महिला सभा बायकांना त्याच परीक्षेसाठीं तयार करूं लागली. आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा असतांना, १९५८ सालीं, शिक्षण सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठीं थोड्या अवधींत परीक्षेपर्यंत नेणारे संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू झाले. आपली शाळा सुटली ती केवळ आपल्या दुर्दैवानें नव्हे, तशी ती लाखोंची सुटते, हें ज्याला उमगलें त्याचीच बुद्धि अशी चालते.

येथें राज्यसंस्थेचाहि हिशेब मांडला पाहिजे. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानें, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचें शिक्षण दहा वर्षांच्या आंत देण्याचा प्रयत्न करावा, असें ठरविलें होतें. म्हणजे ती मुदत १९६० सालीं संपली. आक्काची शाळा सुटली तेव्हां ती तेरा वर्षांची होती, आणि सालहि १९८१ होतें. पुढें २००९ सालीं शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यानें सहा ते चौदा वयाच्या मुलांना हक्क दिला, हें फार चांगलें झालें. परंतु ज्यांचीं तीं वर्षें वचनभंगांतच निघून गेलीं, त्यांना तो हक्क मागें जाऊन मिळाला नाहीं. त्यांना परीक्षेस बसण्याची मुभा आहे. पण मुभा आणि हक्क यांत जें अंतर आहे, तें ज्याचें त्यालाच चालावें लागतें.

अशा स्थितींत सुशिक्षित कुटुंबांनीं काय करावें? सामान्यतः आपण सत्कार करतों. आजी दहावी झाली, कीं शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि छायाचित्र. सत्काराला आमचा विरोध नाहीं. परंतु ज्याचें आपण देणें लागतों, त्याला बक्षीस दिलें म्हणजे देणें फिटतें, असा समज करून घेणें हें अप्रामाणिकपणाचें आहे. सत्कारांत देणारा वर असतो आणि घेणारा खालीं. ऋणांत याच्या नेमकें उलट असतें. "या वयांत किती जिद्द!" असें उद्गारून आपण तिच्या जिद्दीची स्तुति करतों, आणि ती जिद्द दाखविण्याची पाळी तिच्यावर कोणी आणली, हा प्रश्न हारांखालीं झांकून टाकतों.

हें आम्ही दुसऱ्याला शिकवण्यासाठीं लिहीत नाहीं. २०१९ च्या मार्चमध्यें आक्का परीक्षेस बसली. दुपारीं नातू निजला कीं ती इतिहास वाची, आणि रात्रीं सगळ्यांचीं जेवणें आटोपल्यावर सून तिला गणित शिकवी. निकाल लागला, सर्व विषय सुटले, परंतु गणितांत सात गुण कमी पडले. आम्ही तिला भेटावयास गेलों आणि म्हणालों, "जाऊं दे, आक्का. एवढें केलेंस हेंच पुष्कळ झालें." हें बोलतांना आमच्या मनाला जें वाटलें, तें लिहिण्याची लाज वाटते, तरी तें लिहिल्याखेरीज या लेखाला अर्थ नाहीं. आम्हांस हायसें वाटलें. तिच्या अपयशानें एक जुना हिशेब आपोआप मिटल्यासारखा झाला. तिला गणित जमलें नाहीं, तर मग १९८१ साली जें झालें तें फारसें चुकलें नाहीं. जो शिकण्याजोगा होता तोच शिकला, अशी आमच्या मनानें आंतल्या आंत समजूत घालून घेतली. सुशिक्षिताच्या अहंकाराला इतरांचें अज्ञान किती सोयीचें असतें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. "आतां कशाला?" या प्रश्नाच्या तळाशीं काय आहे तेंहि तेव्हांच कळलें. त्या प्रश्नांत तिच्या कष्टांची काळजी थोडी, आणि आपल्या स्वास्थ्याची काळजी फार होती.

आक्कानें आमचें सांत्वन ऐकून घेतलें, आणि सुनेला विचारलें, "जुलैच्या परीक्षेचा फॉर्म कधीं भरायचा?"

त्या वेळीं आम्हीं प्रथमच एक उपयोगाची गोष्ट केली. महिनाभर दर रविवारीं सकाळीं तिच्या घरीं जाऊन आम्ही नातवाला बाहेर फिरवून आणूं लागलों आणि येतांना भाजी आणूं लागलों. ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, या ऋणाची फेड जर कोणत्या नाण्यांत होणें शक्य असेल, तर तें नाणें वेळ हेंच होय; कारण तिच्याकडून घेतलें तेंहि तेंच होतें. कौतुक फुकट असतें, उपदेश त्याहून फुकट; परीक्षार्थी बाईला हवा असतो तो दोन तासांचा निवांतपणा. ज्या घरांत कामाला येणाऱ्या बाई रात्रशाळेंत जातात, त्या घरानें त्यांना परीक्षेच्या दिवसांत पगार न कापतां रजा द्यावी. ज्या घरांत सासूबाई, आई किंवा काकू पुस्तक उघडून बसते, त्या घरानें त्या वेळेला चहा मागूं नये. आणि परीक्षेंत सवलत किंवा दयेचे गुण मात्र मागूं नयेत; ज्यानें उशिरां कां होईना बरोबरीनें उतरण्याचें ठरविलें, त्याला कमी मोजणें हा अपमान आहे.

आक्का त्या वर्षींच्या फेरपरीक्षेंत गणितांत उत्तीर्ण झाली. निकालाच्या संध्याकाळीं तिचा फोन आला. "संपली हो शाळा," एवढेंच ती म्हणाली, आणि मग नातवाच्या खोकल्याविषयीं बोलूं लागली. तिनें नोकरी शोधली नाहीं, पुढच्या परीक्षेचा विचारहि अद्याप बोलून दाखविलेला नाहीं. तिच्या मूळ दाखल्याची एक छायाप्रत तिनें नव्या प्रमाणपत्राबरोबर त्याच शालूच्या घडींत ठेवली आहे. जी गोष्ट दुसऱ्याच्या अर्जावरून सुटली होती, ती तिनें स्वतःच्या सहीच्या अर्जानें पुरी केली. मनुष्याच्या आयुष्यांत उपयोगापलीकडची म्हणून जी एक जागा असते, तेथें या फरकाला मोल आहे. आणि तें मोल बाजाराला कळत नसेल, तर तो दोष त्या प्रमाणपत्राचा नव्हे.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, आपल्या घरांत, शेजारीं किंवा कामाच्या ठिकाणीं कोणी वयानें वाढलेला मनुष्य दहावीचें पुस्तक घेऊन बसलेला दिसला, तर "आतां कशाला?" हा प्रश्न ओठांवर येण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि त्याच्याऐवजीं दुसरा एक प्रश्न मनाशीं विचारावा. तो प्रश्न "तेव्हां कां नाहीं?" हा होय. पहिल्याचें उत्तर देण्याचा भार त्या परीक्षार्थीवर पडतो. दुसऱ्याचें उत्तर बहुधा आपल्यालाच द्यावें लागतें.